ढकलकाठी

शुक्रवारी वागळे इस्टेटची गल्ली गप्प असते.
शेजारचं पावडर कोटिंग बंद, टेम्पो नाहीत,
आणि विश्राम मेस्त्री गाळ्याचं शटर अर्धंच उघडतात,
म्हणजे गिऱ्हाइकाने समजावं, आज शिकवणी.

शिकवणीला मी एकटीच.
बँकेतून निवृत्त, एकतीस वर्षं ताळा जुळवलेली,
आता माळ्यावरचे डबे काढायला
स्वतःच्या हाताने एक स्टूल करायचं खूळ.

पहिल्या दिवशी त्यांनी करवत सुरूच केली नाही.
दोन्ही पंजे पुढे धरले. "मोजा."
मी मोजली. दहा.
"चाळीस वर्सांचा सर्टिफिकेट ह्याच."

मग बांगड्या काढायला लावल्या. ओढणी खिळ्याला.
मी हातमोजे आणले होते, नवे, महागाचे.
ते त्यांनी माझ्याच पिशवीत परत घातले:
पातं कापडाचं टोक धरतं,
बाकीचा माणूस मागोमाग जातो.

प्लग काढून पात्याची उंची.
फळीच्या वर दात जेमतेम दिसावा,
भिंतीआडून डोकावणाऱ्या पोरासारखा, कपाळापुरता.
गाईड पात्याला समांतर:
पुढून मोजा, मागून मोजा, पुन्हा पुढून.
मागे केसभर आवळलं तरी फळी चिमटते
आणि आली तशी उलटी सुटते.
शटरला आतून एक पोचा आहे, पोटाच्या उंचीवर.
"त्या दिवशी मी बाजूक होतंय, म्हणान आसंय."
पोचा त्यांनी ठोकून काढलेला नाही.
त्याच्या सरळ रेषेत मला उभंही राहू देत नाहीत.

पात्याचा घास तीन मिलीमीटर.
हे मला लगेच कळलं.
तीनशेच्या फळीतून दीडशेचे दोन तुकडे निघत नाहीत,
मधलं जे भुसा होतं, तेही कुठेतरी लिहावं लागतं.

आडव्या कापासाठी आम्ही गाडी केली:
अठरा मिलीचा प्लाय, खाली सागाच्या दोन पट्ट्या,
टेबलाच्या खाचेत घट्ट, पण मेण लावल्यावर सरकणाऱ्या,
मागे एक सरळ ठोकळा, एकाच स्क्रूवर, अजून ढिला.
गुण्या लावला. मला काटकोन दिसला.
मेस्त्री म्हणाले, गुण्याला विचारू नका, लाकडाला विचारा.
चौकोनी तुकडा घेऊन चार बाजू कापल्या,
प्रत्येक वेळी कापलेली बाजू ठोकळ्याला टेकवून,
आणि पाचव्या वेळी एक पट्टी.
पट्टीच्या दोन टोकांच्या जाडीत फरक
एक मिलीमीटर.
म्हणजे माझी चूक पाव, पण चार वेळा मोजलेली.
बँकेत चूक लपायला खाती शोधायची.
इथे ती स्वतः चौपट होऊन समोर येते.
ठोकळा कागदाच्या घडीएवढा सरकवला. पुन्हा पाच काप.
पुन्हा.
दुपारचे तीन वाजले, चहा गार झाला,
येऊरच्या डोंगरावर ऊन पिवळं पडलं,
आणि पट्टीची दोन्ही टोकं एकदाची सारखी बोलली.

मग अरुंद पट्ट्या.
त्यासाठी खुंटीवरून ढकलकाठी काढली,
प्लायची, टाचेला खाच,
आणि नाकाडावर पात्याचे चावे, किती तरी.
प्रत्येक चाव्याशेजारी पेन्सिलीने तारीख.
पहिली पुसट, शहाण्णव सालची.
पात्याजवळ वीतभर अंतर राहिलं की हात मागे, काठी पुढे,
आणि मी ती पुढे केली,
आणि जराशी जास्त.

एक कर्र. मनगटात कळ नाही, नुसती थरथर.
पातं पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही,
भुशात पडलेली कपची उचलू दिली नाही.
मग कानामागची पेन्सिल दिली.

मी तारीख लिहिली,
आणि हात सवयीचा, पुढे लिहून गेला: नावे.

मेस्त्रींनी चष्मा वर करून वाचलं.
"कोणाच्या नावे?"

मी डाव्या हाताकडे पाहिलं. उजव्याकडे पाहिलं.
एकतीस वर्षं पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचा अंगठा
शाईत बुडवून कागदावर टेकवत आले.
"अंगठ्याच्या," मी म्हणाले.

त्यांनी काठी खुंटीला लावली.
झाडू कोपऱ्यात होता, तो माझ्याकडे केला.
"भुसो झाडा. पाय पुढच्या शुक्रवारी."